पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज द्यायला अमेरिकेतली शहरं इतकी कां-कूं का करतात?

उंबरठा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. २०१४ मध्ये मिझुरीतल्या फर्ग्युसनला मायकल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने गेला आणि त्यानंतर देशभर एकच मागणी सुरू झाली, पोलिसांच्या छातीवर कॅमेरे लावा. २०१५ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी दोन कोटी डॉलरच्या वर अनुदान वाटलं, शहरांनी स्वतःचे पैसे घातले ते वेगळेच. आता बहुतेक मोठ्या शहरांतले पोलीस कॅमेरा लावूनच ड्यूटीवर येतात. कॅमेरा आहे, रेकॉर्डिंग आहे, टॅक्स आपण भरतोय. पण काही भयंकर घडलं की नेमकं तेच फुटेज बाहेर यायला महिनोन्महिने लागतात, नाहीतर कोर्टाची पायरी चढावी लागते, नाहीतर ते येतच नाही. प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने जून २०२२ या एकाच महिन्यातले पोलिसांच्या हातून झालेले, कॅमेऱ्यात टिपलेले ७९ मृत्यू तपासले, तर जवळजवळ दीड वर्षानंतरही निम्म्याहून जास्त प्रकरणांत फुटेज लोकांसमोर आलेलं नव्हतं.

हा नुसता सरकारी ढिसाळपणा आहे की लपवण्यात कुणाचा फायदा आहे? मला वाटतं फायदा आहे, आणि तो शिकागोच्या केसमध्ये स्वच्छ दिसतो. लक्वान मॅकडोनाल्ड, वय १७, ऑक्टोबर २०१४. तो चाकू घेऊन अंगावर आला असं सांगण्यात आलं. व्हिडिओत (तो गाडीतल्या डॅशकॅमचा होता, पण मुद्दा तोच) दिसतं की तो पोलिसांपासून लांब चाललाय, आणि खाली पडल्यावरही गोळ्या चालूच आहेत, एकूण १६. शहराने एप्रिल २०१५ मध्ये घरच्यांना ५० लाख डॉलर देऊन टाकले, त्यांनी दावा दाखल करायच्या आधीच! त्याच महिन्यात महापौरपदाची निवडणूक होती. मतदान ७ तारखेला, पैशांना कौन्सिलची मंजुरी १५ तारखेला. व्हिडिओ मात्र नोव्हेंबरात आला, तोही एका फ्रीलान्स पत्रकाराने कोर्टात जाऊन न्यायाधीशाचा आदेश आणला म्हणून. आणि ज्या दिवशी व्हिडिओ आला त्याच दिवशी त्या अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. वर्षभर तपास चालू होता म्हणे, मग तो नेमका त्याच दिवशी कसा पूर्ण झाला?

तुमचे अनुभव, मतं लिहा. विरोधी मत असेल तर आवर्जून लिहा.

काजवा

कुठेतरी पाणी मुरतंय, दुसरं काय. वाचतोय.

मेधा क

उंबरठा, धागा चांगला आहे पण मी थोडं उलट बोलणार आहे. मी इथे घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बायकांसाठीच्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाते. पोलीस रात्री दोन वाजता कुणाच्या तरी घरात शिरतात तेव्हा त्या बाईचा चेहरा सुजलेला असतो, पोरं अर्धवट कपड्यांत रडत असतात, घरात औषधांच्या बाटल्या पडलेल्या असतात, आणि कॅमेरा हे सगळं टिपतो. तिने मदतीसाठी फोन केलेला असतो, शूटिंगसाठी नाही. उद्या कुणीही माहितीचा अर्ज टाकून ते मागवलं आणि यूट्यूबवर टाकलं तर? हा कल्पनाविलास नाही, असे चॅनेल आहेत. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या मुली, मानसिक आजाराच्या झटक्यात असलेली माणसं, यांचे व्हिडिओ मागवून मागवून त्यावर जाहिरातीचे पैसे कमावतात. खाली कमेंट वाचवत नाहीत.

तेव्हा "सगळं फुटेज सगळ्यांना" ही मागणी ऐकली की मला त्या बायका आठवतात. शहर नाही म्हणतं तेव्हा दर वेळी ते पापच लपवत असतं असं नाही.

उंबरठा

मेधाताई, पटतंय. त्या घरातलं फुटेज बाहेर येऊ नये याबद्दल दुमत नाहीच. पण मी बोलतोय ते पोलिसाने गोळी चालवली किंवा माणूस ताब्यात असताना मेला अशा प्रकरणांबद्दल. तिथे प्रायव्हसी बहुतेक वेळा त्या मेलेल्या माणसाची असते आणि त्याच्या घरचे तर रस्त्यावर येऊन ओरडून सांगत असतात की दाखवा. मग शहर कुणाची प्रायव्हसी जपतंय?

टोकदार पेन्सिल

यावर जरा आतलं सांगतो. माझी बायको एका शहराच्या रेकॉर्ड्स खात्यात याच कामावर होती, फुटेज झाकायचं काम. शहराचं नाव नको.

लोकांना वाटतं चेहरा ब्लर करायचा म्हणजे बटण दाबलं की झालं. एका कॉलला चार पोलीस गेले तर चार फायली, प्रत्येकात तेच लोक वेगवेगळ्या कोनातून. सॉफ्टवेअर चेहरा पकडतं पण माणसाने मान वळवली किंवा समोरून कुणी गेलं की सोडून देतं, मग परत मागे जाऊन हाताने चौकोन ओढायचा. चेहरा झाला की नंबरप्लेट, मग घराचा नंबर. पोलिसाच्या गाडीत लॅपटॉप असतो, पोलीस गाडीत बसला की त्या स्क्रीनवर कुणाचं तरी लायसन, जन्मतारीख, जुने गुन्हे सगळं कॅमेऱ्यात येतं, ते झाकायचं. काचेतलं प्रतिबिंब विसरायचं नाही. एकदा एका पोराच्या टीशर्टवर शाळेचं नाव होतं, ते शेवटच्या फेरीत दिसलं. आणि हे फक्त चित्राचं, आवाज वेगळाच. रेडिओवर डिस्पॅचर (कंट्रोल रूमवरून पोलिसांना कॉल देणारी) नाव, पत्ता, जन्मतारीख वाचून दाखवते, ते सगळं शोधून शोधून बीप करायचं. तासाभराच्या फुटेजला अख्खा दिवस सहज जातो. खात्यात माणसं दोन आणि अर्जांचा ढीग.

हे खरं आहे. पण हेही खरं की एखाद्या प्रकरणात पोलिसांनी काहीतरी चांगलं केलं, नदीत उडी मारून कुणाला वाचवलं वगैरे, की वरून फोन यायचा आणि ती क्लिप दुपारच्या आत तयार होऊन फेसबुक पानावर गेलेली असायची. तेव्हा कुणी अनुशेष दाखवत नव्हतं. ती नोकरी सोडण्यामागे हेही एक कारण होतं.

गोट्या

ब्लर करायला एवढा त्रास? आमच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने तर कुणी न सांगता अख्खं लग्न ब्लर करून दिलं होतं, त्याला घ्या की नोकरीवर.

काजवा

हाहाहा गोट्या. पण टोकदार पेन्सिल यांचा शेवटचा परिच्छेद परत एकदा वाचा सगळ्यांनी.

रानवारा

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, इथली तऱ्हा सांगतो. २०१६ मध्ये कायदा झाला की बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज हे पब्लिक रेकॉर्डच नाही. म्हणजे अर्ज करायचा प्रश्नच मिटला. बघायचं असेल तर तुम्ही स्वतः त्यात असायला हवं किंवा तुम्ही त्याचे जवळचे, आणि तेही पोलीस खात्याने हो म्हटलं तर. प्रत हवी असेल तर सुपीरियर कोर्टाच्या न्यायाधीशाचा आदेश लागतो. बघणं वेगळं आणि मिळणं वेगळं, असे दोन दरवाजे करून ठेवलेत.

एप्रिल २०२१ मध्ये एलिझाबेथ सिटीत अँड्र्यू ब्राऊन ज्युनियर याला शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पोलीस प्रमुखाच्या, माणसांनी गोळ्या घातल्या, तो गाडीत होता. घरच्यांना पहिल्यांदा काय दाखवलं? वीस सेकंदांचा तुकडा, तोही झाकाझाक केलेला. वर्तमानपत्रांनी, चॅनेलवाल्यांनी फुटेज मागितलं ते न्यायाधीशांनी नाकारलं. आणि मे महिन्यात डिस्ट्रिक्ट अॅटर्नीने, म्हणजे तिथल्या मुख्य सरकारी वकिलाने, पत्रकार परिषद घेतली, त्याच फुटेजमधले निवडक भाग पडद्यावर दाखवले आणि जाहीर केलं की गोळीबार योग्यच होता. माझा खरा राग या जागी आहे. लोकांना दाखवायला जे घातक होतं ते सरकारी वकिलाला स्वतःची बाजू मांडताना चाललं कसं? पुढच्या वर्षी काउंटीने घरच्यांशी ३० लाख डॉलरवर तडजोड केली.

वकीलकाका

रानवारा, तुमचा राग रास्त आहे. तरी दुसरी बाजू मांडतो कारण माझी अर्धी कारकीर्द कोर्टात गेली.

१) साक्षीदार. माणसाची स्मरणशक्ती कच्ची असते, टीव्हीवर व्हिडिओ दहा वेळा पाहिल्यावर तो "मी पाहिलं" म्हणून व्हिडिओच सांगतो. त्याची खरी साक्ष त्याआधी घ्यावी लागते.
२) ज्युरी. गावातल्या प्रत्येकाने व्हिडिओ पाहून मत बनवलं असेल तर निःपक्ष बारा माणसं आणायची कुठून? हा हक्क आरोपीचा आहे, आणि तो आरोपी पोलीस असला तरी आहे.

ही कारणं खोटी नाहीत. पण ती आठवड्यांपुरती पुरतात, वर्षापुरती नाही. महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब घ्यायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. आणि एक विसंगती सांगतो, बऱ्याच पोलीस खात्यांत गोळी चालवणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःचा रिपोर्ट लिहिण्याआधी फुटेज पाहू देतात. साक्ष दूषित होण्याची एवढी काळजी असेल तर सुरुवात तिथून करायला हवी. "तपास चालू आहे" हे कायद्यातलं अपवादाचं वाक्य आहे, त्याचं भिजत घोंगडं केलंय या लोकांनी.

शब्दवेल्हाळ

वकीलकाका, म्हणजे घोंगडं वाळत घालायची मुदत कायद्यात लिहिलेलीच नाही का?

वकीलकाका

राज्याराज्यांत वेगळं आहे. काही ठिकाणी आहे, बऱ्याच ठिकाणी नाही. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता बाहेर आहे.

निशिगंधा

मोठ्या प्रकरणांपुढे माझं अगदीच छोटं आहे पण लिहिते. मागे माझ्या गाडीला एकाने सिग्नलला ठोकलं. पोलीस आला, दोघांशी बोलला. समोरचा माझ्यादेखत पोलिसाला म्हणाला की मी फोनवर होतो, लक्ष नव्हतं. पोलिसाच्या छातीवर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता, मी स्वतः पाहिला. रिपोर्टमध्ये मात्र ते वाक्यच नाही, उलट चूक दोघांची असं लिहिलंय! आता इन्शुरन्सवाला रिपोर्टकडे बोट दाखवतो. मी फुटेजसाठी अर्ज केला तर आधी उत्तर आलं की तपास चालू आहे. अहो गाडीच्या बंपरचा कसला तपास! परत लिहिलं तर आता झाकायच्या कामाचा अंदाजे खर्च म्हणून एवढा आकडा पाठवलाय की बंपर स्वस्त पडेल. कुणाला यातला अनुभव आहे का?

माळरान

निशिगंधा, खर्चाचं हत्यार जुनंच आहे. कॅलिफोर्नियात हेवर्ड शहराने हेच केलं होतं. डिसेंबर २०१४ च्या बर्कलीतल्या मोर्चांचं फुटेज नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकिलांच्या संघटनेने मागितलं, शहराने काटछाट करायच्या कामाचे म्हणून तीन हजार डॉलरच्या वर बिल लावलं. गिल्डने भरले आणि मग कोर्टात गेले, थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत. मे २०२० मध्ये निकाल लागला की झाकण्या-कापण्याच्या वेळेचा खर्च अर्जदारावर टाकता येणार नाही. पण हा निकाल कॅलिफोर्नियापुरता. ओहायोत उलटं झालं, जानेवारी २०२५ मध्ये गव्हर्नरने सही केलेल्या कायद्यानुसार आता तिथे व्हिडिओसाठी तासाला ७५ डॉलरपर्यंत आणि एका अर्जाला जास्तीत जास्त ७५० डॉलर लावता येतात. कारण काय दिलं, तर मेधाताई म्हणतात ते यूट्यूबवाले. ते कारण खरं असेलही, पण यूट्यूबवाला ७५० डॉलर जाहिरातीतून काढतो, ज्याचा मुलगा गेलाय त्या बाईने कुठून काढायचे?

मेधा क

माळरान, हे पटलं मला. फी लावली की धंदेवाईक तरतो आणि खरा गरजू बुडतो. माझ्या संस्थेतल्या बायकांचं रक्षण अशा फीने होत नाही, त्यांच्यासाठी संमतीची अट लागते.

अश्वत्थ

धाग्याचा मूळ प्रश्न "का" असा आहे ना, त्याचं उत्तर सरकारच्याच ईमेलमध्ये लेखी सापडलेलं आहे. रॉचेस्टर, न्यूयॉर्क. मार्च २०२०. डॅनियल प्रूड हा माणूस मानसिक आजाराच्या झटक्यात रात्री विवस्त्र रस्त्यावर आला, भावानेच मदतीसाठी फोन केला होता. पोलिसांनी हातकडी घातली, तोंडावर थुंकीरोधक पिशवी चढवली, डोकं रस्त्याला दाबून धरलं. श्वास थांबला, आठवड्याने गेला. शवविच्छेदनात मनुष्यवध असं लिहिलं गेलं. आणि शहरातल्या लोकांना पत्ताच नाही! सप्टेंबरपर्यंत. कुटुंबाच्या वकिलाने फुटेज मिळवून जाहीर केलं तेव्हा लोकांना कळलं.

नंतर शहराने जे अंतर्गत ईमेल प्रसिद्ध केले त्यात जूनमधला एक आहे. जॉर्ज फ्लॉईड नुकताच पोलिसाच्या गुडघ्याखाली गेलेला, देश पेटलेला. वरिष्ठ पोलीस अधिकारी लिहितो की हे फुटेज कुटुंबाच्या वकिलाला आत्ता देऊ नये, लोक गैरसमज करून घेतील आणि देशात चाललेल्या इतर मृत्यूंशी हे जोडतील, तेव्हा तपास चालू आहे या कारणाने थांबवता येईल का बघा. पोलीस प्रमुखाने होकार कळवला. म्हणजे आधी ठरलं की द्यायचं नाही, आणि मग कलम शोधलं. पोलीस प्रमुखाला सप्टेंबरमध्ये महापौरांनी काढून टाकलं.

मी तेव्हा त्याच भागात राहत होतो, त्या दिवसांत रात्री रस्त्यावर लोक होते ते व्हिडिओमुळे चिडलेले नव्हते फक्त, मार्चपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याला कुणी सांगितलं नाही याने चिडले होते. लोक भडकतील म्हणून लपवलं आणि लपवलं म्हणून लोक जास्त भडकले.

काजवा

आधी ठरलं आणि मग कलम शोधलं. संपलं, याच्यापुढे काय बोलणार.

रानवारा

+१ अश्वत्थ. आणि याच्या उलट टोक बघा. एप्रिल २०२१, कोलंबस, ओहायो. सोळा वर्षांच्या मकाया ब्रायंटला पोलिसाने गोळी घातली. फुटेज कधी आलं? त्याच रात्री, काही तासांत. त्यात तिच्या हातात चाकू दिसतो आणि ती दुसऱ्या मुलीवर धावून जाताना दिसते. ते बरोबर होतं की चूक यावर लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. मुद्दा इतकाच की त्याच रात्री देता येतं. साक्षीदार, ज्युरी, ब्लर, अनुशेष, यातलं काहीही त्या रात्री आडवं आलं नाही.

वकीलकाका

रानवारा, हा मुद्दा मजबूत आहे, मात्र प्रामाणिकपणासाठी हेही लिहा की प्रतिकूल फुटेजही कधी कधी लवकर आलंय. मेंफिसमध्ये पोलिसांच्या मारहाणीत गेलेल्या टायरी निकोल्सचं वीस दिवसांत आलं आणि त्यात खांबावरच्या कॅमेऱ्याने सगळ्यात जास्त दाखवलं. इलिनॉयमध्ये पोलिसाच्या गोळीने गेलेल्या सोन्या मॅसीचं जुलै २०२४ मध्ये सोळा दिवसांत. पण दोन्हीकडे आधी अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले होते. खटला भरायचा ठरला की फुटेज सरकारच्या बाजूचा पुरावा होतं, मग ते द्यायला हात आखडत नाहीत.

शब्दवेल्हाळ

अवांतर: आपल्याकडे भारतात काय परिस्थिती आहे? कॅमेरे तर ट्रॅफिक पोलिसांना पण दिसतात हल्ली.

चंद्रकोर

शब्दवेल्हाळ, थोडक्यात सांगते. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा, लॉकअपसकट, आणि रेकॉर्डिंग दीड वर्ष ठेवा असा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच कोर्टाला बंद पडलेल्या कॅमेऱ्यांवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि माहिती अधिकारात कलम ८(१)(ज) आहेच, तपासात अडथळा येईल असं म्हणून नाकारायला. मसुदा वेगळा, पळवाट तीच. याच्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, इथे विषय भरकटेल.

माळरान

परत मुद्द्यावर. कुणी पैशाची बाजू नीट लिहिली नाही म्हणून लिहितो. पोलिसाने नागरिकाचे हक्क मोडले तर त्याच्यावर दिवाणी दावा होतो, पण जवळजवळ नेहमी पैसे भरतं शहर, पोलीस नाही. म्हणजे शहराच्या वकिलासाठी ते फुटेज हा समोरच्या पक्षाच्या हातातला पुरावा आहे. त्याच्या जागी बसून विचार केला तर तडजोड होईपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तोच वकील पोलीस खात्याला सल्ला देतो की हे फुटेज कायद्याने द्यावं लागतं की नाही! शिवाय महापौराला पोलीस युनियनशी करार करायचाय, डिस्ट्रिक्ट अॅटर्नीला रोजच्या खटल्यांत याच पोलिसांच्या साक्षी हव्यात आणि परत निवडूनही यायचंय. ज्याच्या ज्याच्या सहीने फुटेज बाहेर येतं त्या प्रत्येकाचं काही ना काही त्यात अडकलेलं आहे. यातला एकही माणूस वाईट नसला तरी फुटेज अडकणार. म्हणून मला "वाईट अधिकारी" या चर्चेत रस नाही, निर्णय त्यांच्या हातात ठेवलाय याला माझा आक्षेप आहे.

उंबरठा

माळरान, मला जे म्हणायचं होतं ते हेच, तुम्ही नीट शब्दांत मांडलंत.

यात एक भर घालतो, पहिलं निवेदन. घटना झाली की दोन-चार तासांत पोलिसांचं प्रेस निवेदन येतं आणि तेच बातमी होतं. मिनियापोलिस पोलिसांनी जॉर्ज फ्लॉईडच्या मृत्यूवर पहिलं निवेदन काढलं त्याच्या मथळ्यात "वैद्यकीय घटना" असा उल्लेख होता, मानेवरच्या गुडघ्याचा शब्दही नाही. रस्त्यावरच्या एका १७ वर्षांच्या मुलीने फोनवर शूट केलं नसतं तर? लुईझियानात रोनाल्ड ग्रीनच्या घरच्यांना २०१९ मध्ये सांगितलं की तो अपघातात गेला. दोन वर्षांनी असोसिएटेड प्रेसने फुटेज मिळवलं तर त्यात मारहाण. तिथे तर राज्य पोलीस होते. एकदा खोटं निवेदन गेलं की फुटेज देणं म्हणजे स्वतःच्या निवेदनाविरुद्ध साक्ष देणं. मग ताकास तूर लागू द्यायची नाही एवढंच उरतं.

गोट्या

मला एक सांगा, एवढं करून कॅमेऱ्याने फरक पडतो का? नसेल तर भांडायचं कशाला?

चंद्रकोर

गोट्या, चांगला प्रश्न. दोन्ही प्रकारचे निष्कर्ष आहेत. रिआल्टो नावाच्या कॅलिफोर्नियातल्या छोट्या शहरात २०१२ मध्ये वर्षभर प्रयोग झाला, बळाचा वापर निम्म्याहून कमी झाला आणि तक्रारी जवळजवळ बंद. त्यावरच सगळ्यांनी कॅमेरे घेतले. मग २०१७ मध्ये वॉशिंग्टन डीसीत दोन हजाराहून जास्त पोलिसांवर मोठा अभ्यास झाला, त्यात लक्षणीय असा काहीच फरक दिसला नाही. मला यातून असं वाटतं की कॅमेरा लावल्याने कुणी सुधारत नाही, कुणीतरी बघणार आहे हे माहीत असेल तर सुधारतो. फुटेज कपाटात जाणार हे पक्कं असेल तर कॅमेरा म्हणजे छातीवरचा बिल्ला.

बाल्टिमोरचं उदाहरण बघा. हे कॅमेरे चालू बटण दाबायच्या आधीची तीस सेकंद आपोआप साठवतात, फक्त आवाज नसतो. २०१७ मध्ये एका पोलिसाचं फुटेज बाहेर आलं, त्यात तो गल्लीतल्या कचऱ्यात ड्रग्जची पुडी ठेवतो, चालत रस्त्यावर येतो, कॅमेरा चालू करतो आणि परत जाऊन तीच पुडी "शोधून" काढतो. ती मूक तीस सेकंद त्याच्या ध्यानातच नव्हती. पुढे पुरावा बनवल्याबद्दल दोषी ठरला. हे कुणी शोधलं? आरोपींना सरकारतर्फे बचावाचा वकील देणाऱ्या कार्यालयाने, कारण खटल्यात फुटेज त्यांना मिळालं आणि कुणीतरी ते बसून पाहिलं.

टोकदार पेन्सिल

बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते तीस सेकंदांचा तो भाग आम्ही नेहमी आधी बघायचो. आणि एक, आता बरीच खाती स्वतःच एडिट केलेला व्हिडिओ काढतात. सुरुवातीला ९११ चा (आणीबाणीच्या नंबरवरचा) कॉल, मग कमांडरचं निवेदन, मग चाकू किंवा बंदूक असेल तिथे चित्र थांबवून लाल गोल, मग गोळीबार. खोटं त्यात काहीच नसतं, फक्त कुठे बघायचं ते तुमच्यासाठी आधी ठरवलेलं असतं. "फुटेज दिलं" म्हणतात तेव्हा कच्चं दिलं की शिजवलेलं दिलं ते विचारा.

अश्वत्थ

युवाल्डीचं कुणीच लिहिलं नाही. मे २०२२, टेक्सासमधली एक शाळा, आत बंदूकधारी हल्लेखोराने मारलेली १९ मुलं आणि दोन शिक्षिका, बाहेर ३७६ पोलीस आणि त्यांनी आत शिरायला लावलेली ७७ मिनिटं. पालकांना फक्त एवढंच हवं होतं की त्या ७७ मिनिटांत दाराबाहेर काय चाललं होतं. टेक्सासच्या कायद्यात एक पळवाट आहे, खटला दोषसिद्धीपर्यंत गेला नाही तर रेकॉर्ड रोखून धरता येतं. ती आरोप सिद्ध न झालेल्या माणसाची बदनामी होऊ नये म्हणून ठेवली होती. हल्लेखोर मेलेला, म्हणजे दोषसिद्धी कधीच होणार नाही, म्हणजे फुटेज कायमचं बंद. शहराने ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिलं, वर्तमानपत्रं आणि चॅनेल कोर्टात भांडले म्हणून. दोन वर्षं. ज्या आईला आपली मुलगी आत किती वेळ जिवंत होती हे कळायला हवंय तिला दोन वर्षं थांबवलं. मला हे लिहितानाही त्रास होतो.

वकीलकाका

आलो परत. मुदतीचं विचारलं होतं.

शिकागोने मॅकडोनाल्डनंतर धडा घेतला, तिथे आता ६० दिवस, फार तर ३० दिवसांची एक मुदतवाढ. आणि फुटेज पोलीस नाही तर पोलिसांपासून वेगळं असलेलं चौकशी कार्यालय प्रसिद्ध करतं. कॅलिफोर्नियात गोळीबार किंवा गंभीर इजा असेल तर ४५ दिवस, पुढे थांबवायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि वर्षानंतर ते कारण पटवणं फार अवघड करून ठेवलंय. डीसीत २०२० पासून पाच कामकाजाचे दिवस, आणि मेधाताई हे तुमच्यासाठी, तिथे जवळच्या नातेवाइकांना आधी कळवतात, आधी बघायची संधी देतात आणि ते नको म्हणाले तर प्रसिद्ध करत नाहीत.

यातल्या कुठल्याच शहरातली न्यायव्यवस्था कोसळली नाही. ज्युरी मिळतात, खटले चालतात. शिकागोच्या त्या अधिकाऱ्याला अख्ख्या जगाने व्हिडिओ पाहिल्यानंतरही ज्युरी मिळाली आणि २०१८ मध्ये तो दोषी ठरला.

मेधा क

डीसीचं माहीत नव्हतं, हे खूप बरं वाटलं. मला नेमकं हेच हवंय. माणूस गेला असेल तर निर्णय घरच्यांचा, जिवंत असेल तर त्याचा किंवा तिचा. शहराच्या वकिलाने माझ्या संस्थेतल्या बायकांची ढाल करून स्वतःचं फुटेज लपवू नये, त्यांना कुणी विचारलंय का कधी?

रानवारा

हे शेवटचं वाक्य आमच्या राज्याच्या विधिमंडळात कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

निशिगंधा

सगळं वाचून वाईट वाटलं, त्यात माझा बंपर विचारायची लाज वाटते पण वकीलकाका, त्या पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप डिलीट होतं. ते दिवस भरत आलेत. मी काय करू?

वकीलकाका

निशिगंधा, लाज कसली, हे तर सगळ्यात महत्त्वाचं विचारलंत. गुन्ह्याचा टॅग नसलेलं फुटेज बरीच खाती काही महिन्यांतच पुसतात. आजच्या आज जपणुकीचं पत्र पाठवा. त्यात घटनेची तारीख, वेळ, जागा, रिपोर्ट नंबर आणि पोलिसाचा बिल्ला नंबर लिहा आणि स्पष्ट लिहा की या फुटेजवर दावा होण्याची शक्यता आहे, ते पुसू नये. पोलिसांच्या रेकॉर्ड्स खात्याला आणि शहराच्या वकिलाला, दोघांना, ईमेलने आणि पोचपावतीच्या टपालाने. फीबद्दल भांडण नंतर करता येतं, पुसलेलं परत येत नाही. अर्जात पूर्ण फुटेज मागू नका, तो दुसरा ड्रायव्हर पोलिसाशी बोलला तेवढी पाच मिनिटं मागा, म्हणजे झाकायचं काम आणि आकडा दोन्ही कमी होतील. आणि इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा की रिपोर्टशी विसंगत पुरावा पोलिसांकडे आहे, त्यांचा वकील मागेल तर शहर लवकर हलतं.

टोकदार पेन्सिल

त्यात एक भर, बायको सांगतेय: पत्रात "ऑडिट लॉग" पण मागा. फुटेज कुणी, कधी उघडलं आणि कधी पुसायला लावलंय ते त्यात येतं. आणि दुसरा पोलीस तिथे आला होता का? असेल तर त्याच्याही कॅमेऱ्याचं नाव घालून मागा, नाहीतर एकच फाईल जपतील.

निशिगंधा

हो, दुसरी गाडी आली होती, नंतर. नंबर रिपोर्टवर आहे. पत्र लिहायला बसतेय, झालं की इथे मसुदा टाकते, वकीलकाका एकदा नजर टाका प्लीज.